एका रसायनशास्त्रज्ञाची साधना



आपल्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तृत्ववान व्यक्तीचा परिचय करून द्यावा, असा परिपाठ आहे. ती व्यक्ती बहुधा आपल्याच ज्ञातीतील असते. निदान आपल्या शिरोळ तालुक्याच्या पाण्यामातीशी तिचे काही नाते असते. यंदा आम्ही हा परिपाठ किंचित मोडीत आहोत. ज्यांच्या संशोधनाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, ते आपल्या गोतावळ्यातील नव्हेत. असे असूनही त्यांचाच परिचय देण्याचे आम्ही का योजिले, याचे कारण आरंभीच सांगणे उचित होईल.

मध्यंतरी शिक्षणनिधीच्या समितीपुढे एका सभासदकन्येचा अर्ज आला. वडील साखर कारखान्यात पॅनवर काम करणारे. मुलगी रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली. धातु-सेंद्रिय संयुगे तयार करावयाची व त्यांच्या स्फटिकांची रचना ठरवावयाची, या विषयात पीएच. डी. करण्याची तिची इच्छा. मागणी फार मोठी नव्हती. संशोधनवृत्तीची पहिली रक्कम हाती पडेपर्यंत वसतिगृहाचा व खानावळीचा खर्च निधीने उसना द्यावा, इतकेच तिचे म्हणणे होते. परंतु निधीच्या नियमांत ‘नोकरी अगर व्यवसाय मिळवून देणारे शिक्षण’ असे शब्द आहेत. समितीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी सरळच विचारले, “पाच वर्षे काचेच्या नळीत रंगीत पाणी ढवळायचे आणि शेवटी मोहरीहून बारीक खडा हाती यायचा. त्याचा समाजाला उपयोग काय?”

त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. अर्ज सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे ठरले आणि बैठक संपली. प्रश्न मात्र मनातून जाईना. तेव्हा असे आयुष्य प्रत्यक्ष कोणी जगले आहे काय, त्यातून काय निष्पन्न झाले, याचा शोध घेऊ लागलो. तो शोध आम्हांस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे मुंबईच्या आय. आय. टी. त, प्राध्यापक प्रदीप माथुर यांच्या कार्यापर्यंत घेऊन गेला. त्यांच्या कामाकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टींचा खुलासा केला पाहिजे : स्फटिक म्हणजे काय, आणि धातु-सेंद्रिय संयुग म्हणजे काय.

स्फटिक आपणांस नवा नाही. आपल्या तालुक्याचे निम्मे जीवन साखरेच्या दाण्यावर चालले आहे. पॅनमध्ये रस आटत आटत एका विशिष्ट घट्टपणास आला म्हणजे त्यात दाणा धरतो; घाई झाली तर बारीक भुकटी पडते, आणि उष्णता व पाणी यांचा मेळ राखला तर दाणा सारखा व टपोरा येतो. दोऱ्याभोवती सावकाश वाढणारी खडीसाखर हे त्याचेच मोठे रूप होय. दाण्याच्या कडा सरळ आणि बाजू सपाट का असतात? कारण त्याच्या आत साखरेचे कोट्यवधी रेणू कवायतीतल्या पलटणीप्रमाणे ओळीने उभे असतात. बाहेरचा आकार हा आतील शिस्तीचा पुरावा असतो.

ही आतील शिस्त डोळ्यांस दिसत नाही, सूक्ष्मदर्शकासही दिसत नाही. ती पाहण्याचा मार्ग १९१२ साली जर्मनीत सापडला. माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी एका स्फटिकातून क्ष-किरण पाठविले, आणि मागे ठेवलेल्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. तो पहिला स्फटिक कशाचा होता, हे ऐकून आपल्या बागाईतदारांस मौज वाटेल. तो मोरचुदाचा होता. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण मारताना आपण वापरतो त्याच मोरचुदाचा. पुढील वर्षी इंग्लंडात ब्रॅग पितापुत्रांनी अशा ठिपक्यांवरून उलटे गणित करून मिठातील अणू कोठे कोठे बसले आहेत ते सांगितले. १९१५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा पुत्राचे वय अवघे पंचवीस होते.

आता धातु-सेंद्रिय संयुगांविषयी. कार्बन हा वनस्पती, प्राणी, तेल, साखर यांच्या देहाचा पाया; लोखंड, तांबे, जस्त हे धातू खनिजांच्या राज्यातले. या दोन राज्यांत रोटीबेटी व्यवहार होत नाही, अशी जुन्या रसायनज्ञांची समजूत होती. १८४९ साली एडवर्ड फ्रँकलंड यांनी जस्ताचा अणू थेट कार्बनच्या अणूस जोडलेला असे द्रव मिळविले. ते हवेशी गाठ पडताच पेट घेई. पुढे १८९० साली लुडविग माँड यांच्या कारखान्यात निकेलच्या झडपा खाल्ल्या जाऊ लागल्या. कारण शोधता असे आढळले की, कार्बन मोनॉक्साइड वायू निकेलशी संयोग पावून त्याची चक्क वाफ करून नेत होता. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेल्या माणसाचा प्राण घेणारा वायू तो हाच. लोखंडही त्याच्याशी असाच संयोग पावते आणि गवती पिवळ्या रंगाचा एक विषारी द्रव तयार होतो. त्यात लोखंडाच्या एका अणूभोवती या वायूचे पाच रेणू असतात. प्रा. माथुर यांच्या संशोधनाची मुळाक्षरे लोखंड आणि हा वायू यांच्या अशा संयुगांत आहेत.

प्रा. माथुर यांनी इंग्लंडातील कील विद्यापीठाची पीएच. डी. १९८१ साली मिळविली आणि १९८४ साली ते पवईच्या संस्थेत अध्यापक म्हणून रुजू झाले. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने १९५८ साली उभी राहिलेली ही संस्था अभियंते घडविण्यासाठी विख्यात. तेथे राहून त्यांनी जो विषय हाती धरिला, त्यापासून तत्काळ पूल बांधला जाण्याची किंवा यंत्र फिरण्याची आशा नव्हती. लोखंडासारख्या धातूंचे दोन, तीन, चार किंवा अधिक अणू एकमेकांस बिलगून एका रेणूत राहतात. अशा रेणूंस आपण अणुगुच्छ म्हणू. या गुच्छांत गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम ही तीन मूलद्रव्ये सांधे म्हणून बसविली, तर गुच्छाचा आकार आणि स्वभाव कसा बदलतो, हा त्यांचा प्रश्न होता.

ही तीन मूलद्रव्ये म्हणजे एकाच घराण्यातील तीन भाऊ. थोरल्या गंधकास आपण ओळखतोच. मधले सेलेनियम १८१७ साली बर्झेलियस यांनी शोधिले व त्याचे नाव ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून ठेविले. टेल्युरियम १७८२ साली ट्रान्सिल्व्हानियातील सोन्याच्या खनिजात आढळले. त्याचे नाव पृथ्वीवरून पडले. हे शेवटचे मूलद्रव्य थोडेसे जरी पोटात गेले, तरी माणसाच्या श्वासास कित्येक दिवस लसणासारखा दर्प येतो. तिघांचा स्वभाव सारखा, पण अणूचा आकार एकाहून एक मोठा. सांध्याचा दगड मोठा झाला म्हणजे कमानीचा बाक बदलतो, तद्वत गुच्छाचा बाकही बदलतो.

या गुच्छांपैकी सर्वांत साधा असा : लोखंडाचे दोन अणू, त्यांवर कार्बन मोनॉक्साइडचे सहा रेणू, आणि मध्ये त्या घराण्यातील दोन अणूंची एक कडी. या कडीत दोन्ही अणू एकाच जातीचे घालण्याची रीत होती. प्रा. माथुर व त्यांचे विद्यार्थी यांनी एक अणू गंधकाचा व दुसरा टेल्युरियमचा, एक सेलेनियमचा व दुसरा टेल्युरियमचा, अशा मिश्र कड्यांचे गुच्छ तयार केले. अशी कडी उघडली म्हणजे तिच्या दोन टोकांमध्ये दुसरा धातू, उदाहरणार्थ मॉलिब्डेनम, टंगस्टन किंवा रुथेनियम, अथवा ॲसिटिलीनच्या जातीचा एखादा कार्बनी रेणू बसविता येतो. अशा रीतीने एका गुच्छापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असा मोठा परिवार वाढत गेला. धातूंच्या सान्निध्यात कार्बनी तुकडे एकमेकांस कोणत्या टोकांनी जोडले जातात, याचेही निरीक्षण झाले.

हे वाचावयास सोपे वाटते. करावयास मात्र फार कष्टाचे आहे. यांतील कित्येक पदार्थांस हवा सोसत नाही. म्हणून प्राणवायू काढून टाकून, नायट्रोजन भरलेल्या काचपात्रांत सारी क्रिया करावी लागते. शेवटी जे मिळते तो पाच-सहा पदार्थांचा काला असतो. तो सिलिकाच्या थरावरून सोडला असता लाल, नारिंगी, हिरवे, तपकिरी असे पट्टे वेगळे होतात. प्रत्येक पट्टा खरवडून घ्यावयाचा, विरघळवून गाळावयाचा आणि थंड जागी झाकून ठेवावयाचा. मग वाट पाहावयाची. दाणा धरला तर भाग्य. भुकटी पडली किंवा पदार्थ विटला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. आपल्या पॅनवरच्या कामगारास हे दुःख सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की त्याच्यापाशी टनावारी रस असतो, आणि या संशोधकापाशी चिमूटभर भुकटी.

दाणा आला म्हणजे तरी काम संपले काय? तो मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढा असतो. तो सुईच्या अग्रावर बसवून क्ष-किरणांत फिरविला म्हणजे हजारो ठिपक्यांच्या नोंदी मिळतात, आणि त्यांच्या गणितातून रेणूचे खरे चित्र उभे राहते. त्यापूर्वी रसायनज्ञाने जे मानलेले असते तो केवळ तर्क. कित्येक वेळा चित्र तर्काच्या विरुद्ध निघते आणि महिन्यांच्या कल्पना मोडाव्या लागतात. ज्या विद्येत मनुष्यास आपले म्हणणे इतक्या निष्ठुरपणे तपासून घ्यावे लागते, ती विद्या चारित्र्याचेही शिक्षण देते, असे आमचे मत आहे.

आरंभीच्या वर्षांत पवईत तयार झालेल्या पदार्थांपैकी कितीएकांची स्फटिकरचना अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे अर्नोल्ड राइनगोल्ड यांच्या सहकार्याने ठरविली गेली, हे त्या काळच्या शोधनिबंधांवरील नावांवरून दिसते. म्हणजे पदार्थ मुंबईत जन्मास यावा आणि त्याचे रूप सातासमुद्रापलीकडे उमगावे, अशी ती स्थिती होती. पुढे पवईतच एकस्फटिक क्ष-किरण विवर्तनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि तिचा लाभ इतर संस्थांतील संशोधकांसही झाला. काम अगोदर आणि साधने मागून, असा हा क्रम आहे. साधनांची वाट पाहत बसणाऱ्यांनी तो ध्यानी घ्यावा.

या कार्याबद्दल २००० साली प्रा. माथुर यांस रसायनशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्याच शास्त्रासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सौरव पाल यांचाही या पुरस्काराने गौरव झाला. म्हणजे त्या वर्षी हा मान महाराष्ट्रातील दोन प्रयोगशाळांकडे आला. रुजू होण्याचे वर्ष १९८४ आणि पुरस्काराचे २०००. मध्ये सोळा वर्षे गेली. पुढे इंदूर येथे २००९ साली नवी भारतीय तंत्रज्ञान संस्था निघाली, तिचे पहिले संचालक म्हणून २०१० साली त्यांनी सूत्रे हाती घेतली.

येथे आमचे वडीलधारे सभासद पुन्हा म्हणतील, “पुरस्कार मिळाला, पद मिळाले, आनंद आहे, पण त्या खड्याचा उपयोग काय?” या प्रश्नास टाळून जाणे योग्य नव्हे. म्हणून आता दोन उदाहरणे देतो. ती माथुरांच्या प्रयोगशाळेतील नव्हेत. परंतु ज्या जातीच्या पदार्थांवर त्यांनी आयुष्य वेचले, त्याच जातीच्या पदार्थांची आहेत.

पहिले उदाहरण असे. दोन लोखंडी अणू, सहा कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे दोन सांधे असा एक पदार्थ जर्मनीत राइलेन व त्यांचे सहकारी यांनी १९२९ साली प्रसिद्ध केला. त्याचा कोणास काही उपयोग दिसला नाही. सुमारे सत्तर वर्षे तो ग्रंथांत पडून राहिला. मग १९९८-९९ च्या सुमारास काही सूक्ष्म जिवाणूंतील एका विकराचे स्फटिक तयार करून त्याची रचना शोधण्यात आली. हायड्रोजन वायू निर्माण करणे आणि त्याचे विघटन करणे हे त्या विकराचे काम. त्याच्या गाभ्यात काय आढळले? दोन लोखंडी अणू, त्यांना जोडणारे गंधक, आणि त्यांवर कार्बन मोनॉक्साइड! जो पदार्थ मनुष्याने काचेच्या नळीत केवळ जिज्ञासेपोटी घडविला, त्याचाच सख्खा भाऊ निसर्गाने जिवाणूच्या उदरात केव्हाच घडवून ठेविला होता. स्वच्छ इंधन म्हणून हायड्रोजन स्वस्तात कसा मिळवावा, या शोधात असलेले रसायनज्ञ त्यानंतर त्या जुन्या निबंधाकडे वळले.

दुसरे उदाहरण आपल्या शेतातलेच आहे. भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे झाड उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन धरून पिकास खत पुरवितात. कारखान्यात ज्या कामास प्रचंड दाब व उष्णता लागते, ते हे जिवाणू आपल्या मातीत, आपल्या ऋतूत, निमूटपणे करितात. हे काम ज्या विकराकडून होते, त्याच्या गाभ्यात लोखंडाचे सात, गंधकाचे नऊ आणि मॉलिब्डेनमचा एक अशा अणूंचा गुच्छ असतो, हे १९९२ साली क्ष-किरणांनी उघड केले. त्या गुच्छाच्या मध्यभागी बसलेला अणू कार्बनचा आहे, हे निश्चित व्हावयास २०११ साल उजाडले. म्हणजे धातू आणि कार्बन यांचा जो संबंध जुन्या रसायनज्ञांस अघटित वाटत होता, तो शिरोळच्या शेतकऱ्याच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या चालू होता. आपणांस ठाऊक मात्र नव्हता.

या दोन्ही ठिकाणी गुच्छ ओळखता आले, याचे श्रेय त्यांच्या संशोधकांस आहेच. पण पूर्वी अनेक देशांतील प्रयोगशाळांत, पवईसारख्या ठिकाणी, अशा गुच्छांचे स्वभाव एकेक करून तपासले गेले नसते, तर त्यांचे वर्तन समजून घेण्यास आधार कोठून मिळाला असता? विहीर एक खणतो, पाणी सर्व वाडी पिते. खणणाऱ्यास ‘आज किती घागरी निघाल्या’ असे विचारणे न्यायाचे नव्हे.

आता ज्ञातीच्या प्रश्नाकडे येतो. ‘परक्याचे कौतुक कशास?’ असे कोणास वाटण्याचा संभव आहे. आपण ज्या कोल्हापूर संस्थानाचे वारस आहोत, तेथे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. वसतिगृहे समाजासमाजांची होती. परंतु तेथून मुले ज्या विद्येकडे गेली, ती कोणा एका समाजाची नव्हती. ज्ञातिसंस्थेने मुलाला उंबरठ्यापर्यंत हात धरून न्यावे. आत गेल्यावर गुरू कोणत्या घरचा आहे हे पाहू नये. आपल्या मंडळाचा शिक्षणनिधी याच विचारातून निघाला आहे. आपल्या वाडवडिलांनी त्यात वर्गणी घातली ती हिशेब जुळण्यासाठी नव्हे, मुले पुढे जाण्यासाठी घातली.

निधीने आजवर वैद्य, अभियंते, हिशेबनीस घडविण्यास हातभार लावला, याचा आम्हांस अभिमान आहे. तो हात आखडता घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु संशोधन करणाऱ्यास आपण आजवर नियमावर बोट ठेवून परत पाठविले असेल, तर ती चूक दुरुस्त झाली पाहिजे. अशा विद्यार्थ्याची खरी अडचण पाच वर्षांची नसते, पहिल्या काही महिन्यांची असते. प्रवेश झालेला असतो, वृत्ती मंजूर झालेली असते, पण पैसा हाती पडलेला नसतो. आणि घरात धाकट्या भावंडांचे शिक्षण चालू असते. मुलगी असली तर ‘आता लग्नाचे बघा’ म्हणणाऱ्यांचीही वाण नसते. त्या काही महिन्यांत कोणी पाठीशी उभे राहिले नाही, म्हणजे एक बुद्धिमान आयुष्य निमूटपणे वेगळ्या वाटेस लागते, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही असा ठराव मांडणार आहोत की, निधीच्या नियमांतील ‘नोकरी अगर व्यवसाय मिळवून देणारे शिक्षण’ या शब्दांपुढे ‘अथवा मान्यताप्राप्त संस्थेतील संशोधन’ हे शब्द घालावेत, आणि संशोधनवृत्ती सुरू होईपर्यंतचा खर्च बिनव्याजी उसना द्यावा. रक्कम परत येईल याविषयी आम्हांस शंका नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या वडीलधाऱ्या सभासदांविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांनी विचारले नसते तर आम्ही शोधले नसते, आणि हा लेखही लिहिला गेला नसता. त्यांनीच या ठरावास अनुमोदन द्यावे, अशी त्यांस आमची विनंती आहे.

त्या मुलीच्या वडिलांस आम्ही मुद्दाम जाऊन भेटलो. मुलगी नेमके काय करणार, हे आम्ही आमच्या अल्प मतीप्रमाणे सांगू लागलो, तोच ते म्हणाले, “दाणा धरायला वेळ लागतो, साहेब. पॅन मध्येच उघडून चालत नाही.” एवढा मोठा लेख लिहून आम्हांस जे सांगावयाचे होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. सभेस येताना सर्व सभासदांनी ती ध्यानात ठेवावी, इतकीच प्रार्थना करून लेखणी आवरती घेतो.